पेटंटचे बदललेले नियम आणि नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतली वर्कशॉप्स: अर्ज वाढले, नवं काम किती वाढलं?

अंबड_फिक्स्चर
धागा काढण्याचं कारण आकड्यांत आहे. २०१४-१५ मध्ये देशात ४२,७६३ पेटंट अर्ज आले आणि ५,९७८ पेटंटं मंजूर झाली. २०२३-२४ मध्ये अर्ज ९२,१६८ आणि मंजुरी १,०३,०५७. मंजुरी अर्जांपेक्षा जास्त दिसते, कारण आधीच्या वर्षांचा तुंबलेला गठ्ठा त्या वर्षी निकाली निघाला. पण संशोधनावरचा देशाचा खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्केच होता. खर्चाची ही पातळी आणि अर्जांची ती उडी, या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात?

नियम कसे बदलले ते थोडक्यात. २०१६ ला स्टार्टअपला फीमध्ये सवलत आणि जलद परीक्षण. २०१९ ला जलद परीक्षण लघुउद्योगांना आणि महिला अर्जदारांना खुलं. २०२० ला लघुउद्योगाची फी व्यक्तीइतकी. २०२१ ला शिक्षणसंस्थांनाही तीच फी. १५ मार्च २०२४ ला परीक्षणाच्या विनंतीची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिने, आणि पेटंट वापरात आहे का हे कळवणारा फॉर्म २७ दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा.

आता हिशोब. उद्यम नोंदणी जोडून, लघुउद्योग असल्याचं सांगणारा फॉर्म २८ भरला की ऑनलाइन अर्ज १,६०० रुपये, परीक्षण ४,०००. जलद हवं असेल तर लवकर प्रसिद्धीचे २,५०० आणि जलद परीक्षणाचे ८,०००, म्हणजे अर्ज धरून १२,१००. नूतनीकरण तिसऱ्या ते सहाव्या वर्षी दरवर्षी ८००, सातव्या ते दहाव्या २,४००, अकराव्या ते पंधराव्या ४,८००, पुढे विसाव्यापर्यंत ८,०००. वीस वर्षं पेटंट चालू ठेवलं तर नूतनीकरणाची बेरीज ७६,८००. मोठ्या कंपनीला हेच पाचपट, ३,८४,०००.

म्हणजे सरकारी फी आता अडचण राहिलेली नाही. मग स्विचगिअरचे (वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांचे) पार्ट, जिग-फिक्स्चर (मशिनवर काम पकडून ठेवणारी साधनं), शेती अवजारं बनवणाऱ्या आपल्याकडच्या युनिटला याचा पैशात फायदा होतो का, आणि होत नसेल तर घोडं कुठे अडतं, यावर जाणकारांनी लिहावं.

गोदाकाठ
चांगला प्रश्न. आधी दोन प्रकारचे बदल वेगळे करू. एक, हक्काची ताकद वाढवणं किंवा कमी करणं. दोन, त्या हक्कापर्यंत पोहोचण्याचा खर्च आणि वेळ कमी करणं. दोन्हींचे आर्थिक परिणाम वेगळे असतात आणि चर्चेत ते सर्रास मिसळले जातात.

पहिल्या प्रकाराबद्दल अर्थशास्त्रातला पुरावा बराच थंड आहे. जोश लर्नर यांनी ६० देशांतले १५० वर्षांतले १७७ धोरणबदल तपासले. संरक्षण वाढवल्यावर परदेशी अर्जदार वाढले. देशी अर्जदारांचे अर्ज, एकूण कल वजा केल्यावर, वाढले नाहीत, उलट घटले. जपानने १९८८ मध्ये एका पेटंटात अनेक दावे (नेमक्या कशावर हक्क ते सांगणारी वाक्यं) करायची मुभा देऊन संरक्षण रुंद केलं. साकाकिबारा आणि ब्रॅनस्टेटर यांना त्यामुळे संशोधनखर्च वाढल्याचा पुरावा सापडला नाही.

आपल्याकडे पहिल्या प्रकारचे मोठे बदल दोनच. १९७० च्या कायद्याने, जो २० एप्रिल १९७२ ला लागू झाला, औषध, अन्न आणि रसायनं यांच्या उत्पादनावरचं पेटंट काढून फक्त प्रक्रियेवर ठेवलं. १ जानेवारी २००५ पासून उत्पादन-पेटंट परत आलं. पहिल्या बदलाने वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध बनवण्याचं कौशल्य देशात तयार झालं. नक्कल म्हणून त्याला कमी लेखणं चूक आहे, प्रक्रिया-रसायनशास्त्र हेही संशोधनच. दुसऱ्या बदलानंतर कलम ३(ड) ने जुन्याच रेणूचं नवं रूप, परिणामकारकता वाढल्याचं दाखवल्याशिवाय, पेटंटबाहेर ठेवलं. १ एप्रिल २०१३ च्या, ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाबद्दलच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं.

दुसऱ्या प्रकाराबद्दल पुरावा जास्त उत्साहवर्धक आहे. अमेरिकेत अर्ज कोणत्या परीक्षकाकडे जातो हे जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, कुणी कडक असतो, कुणी सैल. याचा उपयोग करून फारे-मेन्सा, हेगडे आणि युंगक्विस्ट यांनी स्टार्टअप तपासले. पहिलं पेटंट मिळालेल्यांची पुढच्या पाच वर्षांत रोजगारवाढ सुमारे ५५ टक्के आणि विक्रीवाढ सुमारे ८० टक्के जास्त निघाली. मुख्य मार्ग भांडवलाचा: पेटंट हातात असलं की गुंतवणूकदार दार उघडतो. २०१६ पासूनचे आपले बदल या दुसऱ्या प्रकारचे आहेत, म्हणून त्यांच्याकडून आशा ठेवायला जागा आहे. पण अमेरिकेत त्या पेटंटवर पैसे लावणारा बाजार आहे. आपल्याकडची बँक आजही मशिनरी आणि जागाच तारण मागते.

दाव्यांची_भाषा
गोदाकाठ यांचं वर्गीकरण पटलं. अंबड_फिक्स्चर, घोडं कुठे अडतं विचारलंत ना? दावे लिहिण्यात. फी मोठ्या कंपनीच्या एक पंचमांश असली तरी दावा कसा लिहायचा हे स्वस्त झालेलं नाही.

द्राक्षबागेच्या ट्रॅक्टरचलित ब्लोअरचं उदाहरण घ्या. पहिला मसुदा बहुधा असा असतो: "टाकी, पंप, पंखा, नोझल आणि सेन्सर असलेला फवारणी ब्लोअर." याला कलम ३(फ) ची हरकत येणारच. ओळखीची उपकरणं शेजारी ठेवली, प्रत्येक आपापलं काम करतंय. ही हरकत टाळायची तर भागांमधला संबंध आणि त्यातून निघणारा तांत्रिक परिणाम दाव्यातच यायला हवा. सेन्सरने वेलीतली फट ओळखली की त्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद होतो, ट्रॅक्टरच्या वेगावरून बंद होण्याची वेळ ठरते, आणि म्हणून औषध मोकळ्या जागेत जात नाही. हा "म्हणून" महत्त्वाचा.

चाचणीचे आकडे अर्जातच टाका. एकरी किती लिटर द्रावण लागलं, जुन्या ब्लोअरने किती लागलं, वेग काय, दाब काय. निदान तीन वेगवेगळ्या सेटिंगचे तक्ते. कलम ५९ मुळे नंतर नवा मजकूर घालता येत नाही. हरकत आल्यावर "आमच्याकडे डेटा आहे" म्हणून भागत नाही.

मापांचंही तसंच. ड्रॉइंगमध्ये नोझलचा कोन ३० अंश आहे म्हणून दाव्यात ३० लिहिलं, की शेजारचा ३५ ला बनवतो आणि सुटतो. मुख्य दाव्यात २० ते ५० लिहा, त्या पट्ट्याला आधार देणारे प्रयोग वर्णनात ठेवा, आणि ३० उपदाव्यात आणा. १० दाव्यांपर्यंत आणि ३० पानांपर्यंत जादा पैसे नाहीत. पुढे दर दाव्याला ३२०, दर पानाला १६०.

प्रोव्हिजनलबद्दल, म्हणजे आधी भरायच्या तात्पुरत्या अर्जाबद्दल, फार मोठा गैरसमज आहे. दोन पानी कल्पना भरून टाकली की तारीख मिळाली असं नाही. प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलेलं नाही त्याला ती तारीख लागू होत नाही. १२ महिन्यांच्या आत संपूर्ण अर्ज गेला नाही तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात.

शिक्षकताई
अर्ज वाढण्याचं एक कारण इथे अजून आलेलं नाही. कॉलेजांच्या मानांकनात आणि मूल्यांकनात पेटंटची संख्या मोजली जाते, आणि २०२१ पासून कॉलेजलाही १,६०० रुपयांतच अर्ज करता येतो. दोन्ही एकत्र आलं की संख्येसाठी अर्ज होतात. प्राध्यापकांच्या बढतीतही "प्रसिद्ध झालेलं पेटंट" म्हणून गुण मिळतात. प्रसिद्ध होणं म्हणजे अर्ज १८ महिन्यांनी जाहीर होणं, त्यात परीक्षण झालेलंच नसतं.

म्हणून कॉलेजशी करार करणाऱ्या उद्योजकांनी तीन गोष्टी मागून घ्याव्यात: परीक्षणाची विनंती दाखल आहे का, पहिल्या परीक्षण अहवालाला सहा महिन्यांत उत्तर गेलं का, नूतनीकरण कुठपर्यंत भरलंय. सगळं पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून मोफत दिसतं. आणि धोरण ठरवणाऱ्यांनी गुण द्यायचेच असतील तर पाचव्या-सातव्या वर्षी नूतनीकरण भरलेल्या पेटंटला द्यावेत. पैसे भरून कुणी पेटंट जिवंत ठेवतंय, यापेक्षा साधी कसोटी नाही.

गोदाकाठ
ताई, अगदी बरोबर. नूतनीकरणाची फी वयाबरोबर चढत जाते ती याचसाठी: उपयोग नसलेली पेटंटं गळावीत आणि ते तंत्रज्ञान सर्वांना मोकळं व्हावं. फीवर ८० टक्के सवलत दिली की ही चाळणी सैल होते. अर्जाच्या फीत सवलत ठेवून नूतनीकरणात ती दहाव्या वर्षानंतर कमी केली तर जास्त चांगलं होईल, असं माझं मत. २०२४ च्या नियमांत उलट, किमान चार वर्षांचं नूतनीकरण एकदम ऑनलाइन भरल्यास १० टक्के सूट आली.

स्विचगिअर_सातपूर
सगळं वाचलं. तुम्ही मिळवण्याबद्दल लिहिताय, मी वापरण्याबद्दल लिहितो.

पेटंट मिळालं आणि कुणी नक्कल केली, तर कलम १०४ प्रमाणे खटला जिल्हा न्यायालयात लावता येतो. म्हणजे नाशिकला. पण समोरच्याने उत्तरात "हे पेटंटच रद्द करा" असा प्रतिदावा केला की प्रकरण उच्च न्यायालयात जातं, म्हणजे मुंबईला. प्रतिवादीला हे माहीत असतं. त्यामुळे छोट्या युनिटचा हिशोब अर्जाच्या दिवशीच करायला हवा: नक्कल रोखायला लागणारा खर्च त्या पार्टच्या वार्षिक नफ्यापेक्षा जास्त असेल तर पेटंटचा दरारा कागदावरच राहतो.

दुसरी बाब व्हेंडरची. आपल्याकडची बहुतेक युनिट्स मोठ्या कंपन्यांच्या ड्रॉइंगवर जॉबवर्क करतात. सर्किट ब्रेकरच्या स्प्रिंग मेकॅनिझममध्ये सुधारणा व्हेंडरकडे सुचते, ट्रायलही त्याच्याच मशिनवर होते. पण पर्चेस ऑर्डरच्या मागच्या बारीक अक्षरांत बऱ्याचदा असतं की ड्रॉइंगवरची प्रत्येक सुधारणा खरेदीदाराची. ते वाचलं नसेल तर पेटंटचे नियम कितीही सैल झाले तरी हक्क तुमचा नाही. कोटेशन देतानाच त्या अटीवर रेघ मारून "व्हेंडरने स्वखर्चाने केलेली सुधारणा व्हेंडरची, खरेदीदाराला वापराचा परवाना" असं लिहून घ्या. नंतर मागितलं तर मिळत नाही.

तिसरं, सगळंच पेटंटला द्यायचं नसतं. अर्ज १८ महिन्यांनी जगजाहीर होतो. पार्ट उघडून ज्याची पद्धत कळत नाही, म्हणजे हीट ट्रीटमेंटचं सायकल, प्लेटिंग बाथचं प्रमाण, ते गोपनीय ठेवणं बरं. पार्ट हातात घेतला की जे कळतं, त्यालाच पेटंट. आणि फक्त बाह्य आकार नवा असेल तर डिझाइन नोंदणी: १० वर्षं, पुढे ५ वाढवता येतात, आणि परीक्षण पेटंटपेक्षा सोपं. आतल्या कामाचं संरक्षण मात्र तिथे मिळत नाही.

अंबड_फिक्स्चर
मग छोट्या सुधारणांसाठी मधला रस्ता का नाही? जर्मनीत आणि चीनमध्ये आहे ना?

गोदाकाठ
आहे. त्याला युटिलिटी मॉडेल म्हणतात. जर्मनीत १८९१ पासून. दोन्हीकडे मुदत दहा वर्षं आणि सखोल परीक्षण न होताच नोंद. कोरियाच्या अभ्यासात असं दिसलं की देश तंत्रज्ञानात मागे असताना कंपन्यांच्या वाढीला अशा छोट्या हक्कांची मदत झाली, आणि पुढे गेल्यावर खऱ्या पेटंटची. भारतात २०११ मध्ये औद्योगिक धोरण विभागाने यावर चर्चापत्र काढलं, कायदा झाला नाही. सातपूर-अंबडच्या कामाचं स्वरूप बघता हाच बदल इथे सगळ्यात जास्त फरक पाडेल, असं मला मनापासून वाटतं.

दाव्यांची_भाषा
इथे माझा विरोध नोंदवते. परीक्षणाशिवाय हक्क दिला की ज्याच्याकडे वकील आहे तो शंभर नोंदी करून ठेवतो आणि छोट्यालाच नोटिसा जातात. आणायचंच असेल तर खटला लावण्याआधी परीक्षण सक्तीचं करा.

द्राक्षवेल_दिंडोरी
सगळे यंत्रांवर बोलताहेत, पण नाशिकचा पैसा द्राक्षात आहे. तिथे पेटंट नाहीच. कलम ३(ज) मुळे वनस्पती, बियाणं, जाती पेटंटच्या बाहेर. लागवडीच्या पद्धती ३(ह) मुळे बाहेर. त्याऐवजी २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. वेली आणि झाडांना १८ वर्षं, बाकी पिकांना १५.

याचे परिणाम दोन्ही बाजूंनी बघा. सोनाका, शरद सीडलेस या जाती सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या बागेतल्या निवडीतून आल्या आणि लागवडीच्या काड्या हातोहात पसरल्या. पसरण्याचा वेग हक्क नसल्यामुळेच मिळाला. पण निवड करणाऱ्याला रॉयल्टी नाही. उलट चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका परवाना घेऊन नव्या जाती लावत गेले, आणि आपण बराच काळ थॉम्सन या जुन्या जातीवर राहिलो.

आपल्या कायद्यात कलम ३९ प्रमाणे शेतकरी संरक्षित वाणाचं बियाणं जपू, पेरू, देऊ-घेऊ, विकूही शकतो, फक्त ब्रँड लावून नाही. बियाण्याच्या व्याख्येत काडीही येते. परदेशी पैदासकाराला हीच भीती वाटते, म्हणून तो कायद्यापेक्षा करारावर भर देतो: ठरावीक कंपनीमार्फत, ठरावीक एकरांना, काडी बाहेर न देण्याच्या अटीवर. करारावर सही करण्याआधी बाग काढायची वेळ आली तर वेलींचं काय, रॉयल्टी एकरावर की किलोवर, आणि माल दुसऱ्या निर्यातदाराला विकता येतो का, एवढं लेखी घ्या.

विनापरवाना काडी लावून निर्यातीचा विचार करणाऱ्यांनी सावध राहावं. युरोपात त्या जातीचा हक्क नोंदलेला असेल तर माल तिथे अडवला जाऊ शकतो. भारतातला शेतकरी हक्क रॉटरडॅमच्या बंदरात चालत नाही.

शिक्षकताई
भाऊ, पेप्सिकोच्या एफसी-५ या बटाटा वाणाचं प्रकरण याच कलमावरचं. २०१९ मध्ये गुजरातच्या शेतकऱ्यांवर कंपनीने खटले लावले आणि मागे घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये नोंदणी रद्द झाली, जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द करण्याचा आदेश बाजूला ठेवला. पण नोंदणी राहिली म्हणून कलम ३९ जात नाही. या दोन गोष्टी वेगळ्या.

ताळेबंद_नाशिकरोड
कराचा भाग मी घेतो, कारण नवनिर्मितीवर सगळ्यात थेट परिणाम तिथून होतो. मान्यताप्राप्त इनहाउस संशोधनावर कंपनीला खर्चाच्या २०० टक्के वजावट मिळायची. १ एप्रिल २०१७ पासून ती १५० झाली आणि १ एप्रिल २०२० पासून १००. म्हणजे अर्जाची फी हजारांत कमी झाली आणि खर्चावरची सवलत लाखांत गेली. अर्ज वाढले पण संशोधनखर्च हलला नाही, याचं एक उत्तर इथे आहे.

पेटंटच्या उत्पन्नावर १० टक्के दराने कर, कलम ११५बीबीएफ, २०१६ च्या अर्थसंकल्पात आलं. पण ते फक्त रॉयल्टीला, आणि शोधावरचा निदान ७५ टक्के खर्च भारतात झालेला हवा. स्वतः पार्ट बनवून विकणाऱ्याचा नफा त्यात बसत नाही. आपली बहुतेक युनिट्स बनवून विकणारी, म्हणजे सवलत त्यांच्या दारावरून निघून जाते.

काही जण पेटंट स्वतःच्या नावावर घेऊन स्वतःच्या प्रायव्हेट लिमिटेडला परवाना देतात. करता येतं, पण खर्च कंपनीच्या वहीत आणि पेटंट व्यक्तीच्या नावावर असेल तर ७५ टक्क्यांची अट तिथेच मोडते. रॉयल्टीचा दर बाजारभावाला धरून असल्याचा कागद ठेवा, आणि वरून १८ टक्के जीएसटी धरा. व्यक्तीला रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंतची ८०आरआरबी वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलतात.

अंबड_फिक्स्चर
सगळ्यांचे आभार. शेवटचे दोन व्यवहारी प्रश्न. औद्योगिक प्रदर्शनात मशीन मांडलं, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरला, मग अर्ज चालतो का? आणि फॉर्म २७ आता नेमका कधी?

दाव्यांची_भाषा
पहिल्याचं उत्तर बहुधा नाही. १२ महिन्यांची सवलत सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनालाच आहे, आणि विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला. २०२४ पासून त्यासाठी फॉर्म ३१. गावोगावची औद्योगिक प्रदर्शनं, कृषी मेळावे त्यात धरू नका. व्हिडिओ तर नवेपणा सरळ संपवतो. स्टॉल बुक करण्याआधी अर्ज टाका. बागेत ट्रायल घ्यावीच लागत असेल तर बागायतदाराकडून गोपनीयतेचं पत्र घ्या आणि मोबाइल बाहेर ठेवा.

फॉर्म २७ पेटंट मंजूर झालेल्या आर्थिक वर्षाच्या पुढच्या वर्षापासून मोजायचा. २०२२-२३ मध्ये मंजूर झालं असेल तर २०२३-२४ ते २०२५-२६ ची माहिती ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत. २०२३-२४ चं असेल तर ३० सप्टेंबर २०२७. नव्या नमुन्यात विक्रीची रक्कम विचारत नाहीत, वापर झाला की नाही आणि परवान्यासाठी खुलं आहे का एवढंच. भरला नाही तर १ लाखापर्यंत दंड.

गोदाकाठ
त्या रक्कमेच्या रकान्याबद्दल थोडं. मार्च २०१२ मध्ये नेक्सावार या कर्करोगाच्या औषधावर देशातला पहिला आणि आजवरचा एकमेव सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला बनवायची मुभा) दिला गेला, औषध महिन्याला सुमारे २.८ लाखांवरून ८,८८० रुपयांवर आलं, तेव्हा पेटंटधारकाने फॉर्म २७ मध्ये दिलेले आकडे पुराव्यात होते. कागदपत्र कमी झालं हे छोट्यांना बरं, पण कुठलं पेटंट खरोखर वापरात आहे हे बाहेरून समजण्याची खिडकी लहान झाली. निदान मोठ्या कंपन्यांसाठी तरी तो रकाना परत यावा.

स्विचगिअर_सातपूर
एक राहिलं. मंजुरीला उशीर झाला असेल तर तिसऱ्या वर्षापासूनची थकीत नूतनीकरण फी मंजुरीची नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत एकदम भरायची असते. वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात, मंजुरीच्या नाही. इथे चुकून पेटंटं गळतात. गळालं तर फॉर्म १५ ने १८ महिन्यांच्या आत परत मिळवता येतं, पण मधल्या काळात ज्याने तो पार्ट बनवायला सुरुवात केली त्याला अडवता येत नाही.